इंजिनिअर मुलीसाठी प्यायलेली कॉफी

—हो, बसते, बसते. उभ्यानं बोलायची गोष्टच नाही ही. आणि हा डबा घ्या आधी, घरचा मक्दूस आहे, तेलात मुरवलेली भरली वांगी, वांगी माझ्या हातची, तेल माझ्या माहेरचं. लाच? छे हो! लाच कसली, सिस्टर इब्तिसाम! रिकाम्या हातानं का कुणाच्या दारात जातं माणूस? तर सांगत काय होते—उद्या तुमच्याकडे दिवसभर काम बघायला मुलगी येणार आहे ना, हदील, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची—मी तिची आई. थोरल्या मुलावरून उम्म मुतसिम म्हणतात मला. तिला कळता कामा नये हं मी आले होते ते.

डोकं फिरलंय तिचं. इंजिनिअरिंग सोडायचं म्हणते! अहो, बारावीच्या निकालाला सगळ्या गल्लीला कुनाफ्याची मिठाई वाटलीय मी, भाजीवालासुद्धा मला 'इंजिनिअरच्या आई' म्हणून हाक मारतो. तरी मी म्हटलं, बरं बाई, दवाखान्याचंच वेड लागलंय तर फार्मसी कर—काउंटरमागे उभं राहायचं, हात स्वच्छ, दारावर नाव. गेली की बघायला. परत आली नि म्हणते, आई, तिथं गोळ्या दिसतात, माणूस दिसत नाही. लॅबमध्ये गेली, एक्स-रेवाल्यांकडे गेली, सगळीकडून नाक मुरडून आली. आणि आता? नर्स! रात्रीच्या पाळ्या, परक्या पुरुषांची अंगं पुसायची—तुम्हाला नाही हो म्हणत, तुम्ही तर मोठ्या सिस्टर! पण तुम्हीच सांगा, स्वतःच्या मुलीला कराल का? ...कराल? बरं. कराल तर करा, तुमची गोष्ट वेगळी.

माझी गोष्ट अशी की शब्द गेलाय. उन्हाळ्यात लैसकडची मंडळी मागणी घालायला आली. वडीलधारे सगळे ओळीनं बसलेले, समोर कॉफी, आणि पेल्याला कुणी हात लावीना—मागणी मान्य झाल्याशिवाय कोण पिणार? त्यांचे काका उभे राहिले, म्हणाले, तुमची इंजिनिअर मुलगी आमच्या लैसला द्या. माझे दीर म्हणाले, दिली, घ्या कॉफी. आणि प्यायली सगळ्यांनी. आता मी त्या काकांच्या दारात जाऊन काय सांगू, कॉफी परत द्या? तर ही कार्टी काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, "आई, ती कॉफी त्यांनी इंजिनिअरसाठी प्यायली, माझ्यासाठी नाही." थोबाडीत देणार होते. पण हात उचललाच गेला नाही.

म्हणून तुमच्या पाया पडते, उद्या तिला काही गोड गोड दाखवू नका. बाळंतिणी नकोत, बाळं नकोत. ड्रेसिंगच्या खोलीत न्या. सगळ्यात वाईट जखम असेल ना, पू, वास, सगळं—ती तिच्यासमोर उघडा. चक्कर येऊन पडू दे. पडली की आपोआप गणिताच्या वह्या उघडेल. म्हणजे—तशी पडायची नाही म्हणा, वासाची सवय आहे तिला—

काही नाही. घरातलं आपलं. असतं ना प्रत्येकाच्या घरात काही.

पायाकडे काय बघताय? चप्पल सैल आहे, थंडीत बरी पडते. लंगडत कुठे आले, जिना चढून आले ना? ...अहो, रक्तात साखर आहे, कुणाला नसते? बूट चावला होता रमजानच्या आधी, तेवढंच. हदीलच रोज जखम धुते, बाथरूमला आतून कडी लावून, फोनवर बघून बघून शिकली. तिच्या अब्बूंना पत्ता नाही. लागू द्यायचाच नाही मला. माझ्या आईला असंच इथं आणलं होतं, म्हणाले बोट कापू, मग म्हणाले पाय कापू, आणि मग आम्ही तिला पांढऱ्या कापडात घेऊन गेलो. मुलीचं लग्न तोंडावर आहे, सिस्टर. मी शपथ घातलीय तिला, कुराणावर हात ठेवून. रडली, पण कुणाला बोलली नाही.

अहो, सोडताय कशाला पट्टी? किती नीट बांधलीय बघा, सुरकुती नाही एक. ...हो, तिनंच. सकाळी. कॉलेजला जायच्या आधी.

बोट दाबून काय बघताय?

काळं? कुठं काळं? ...हं. परवा म्हणाली होती ती. "आई, करंगळी काळी पडतेय, आता माझ्या हातातलं राहिलं नाही, चल ना इस्पितळात." मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, तू इंजिनिअर आहेस, तू आपली गणितं बघ.

डॉक्टरांना का हाक मारताय? आज? घरी जायचंच नाही? भाजी गॅसवर—नाही, बंद केलीय. या अल्लाह. थांबा. थांबा जरा, हात धरा माझा.

...नको, माझ्या नवऱ्याला आधी नको. तिला करा फोन. ती वर्गात असेल, उचलणार नाही, परत करा. सांगा, आईनं शपथ सोडवली म्हणावं. आणि पट्टी राहू द्या अशीच, तुम्ही नका बांधू. ती येऊन बांधेल.

जा ना. करा फोन. मी बसते इथं.