हवालदाराची उलटतपासणी

वकिलाशिवाय केस लढवायची म्हणताय, तर आधी आमच्या ह्यांचं ऐका.

लग्नाला दोनच महिने झाले होते. रोह्याजवळ अष्टमी गावच्या पुलावर हवालदाराने आमची स्कूटर अडवली. पुढे हे, मध्ये मी, मागे सासूबाई. हे गाडीचे कागद आणायला पायीच घरी पळाले आणि परत आल्यावर दंड भरायला साफ नकार दिला. "आई चालत होती. कोर्टात सिद्ध करू दे त्याला!" असं आख्ख्या आळीला सांगून ठेवलं.

रोह्याच्या कोर्टात हवालदाराची साक्ष झाली. न्यायाधीश ह्यांना म्हणाले, "साक्षीदाराला प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. विचारायचंय काही?"

हे कॉलर सारखी करून उभे राहिले. "हवालदारसाहेब, दिवसाला शंभर गाड्या बघता. माझ्याच गाडीवर तिघं होते, हे एवढं पक्कं कसं आठवतं?"

मी मान खाली घातली.

हवालदार न्यायाधीशांना म्हणाला, "साहेब, हे कागद आणायला गेले तेव्हा मी बाईंना ह्यांचं नाव विचारलं. तर ह्यांच्या आई म्हणाल्या, नवी नवरी हाय, नाव उखाण्यातच घेल. घे गो!" हवालदाराने घसा खाकरला. "पुलावरती सुटलाय वारा गारगार, सुरेशरावांच्या स्कूटरवर आम्ही तिघं स्वार."

न्यायाधीशांनी तोंडाला रुमाल लावला. "आणखी काही प्रश्न?"

"नाय साहेब."

दंड भरून बाहेर आलो. किक मारायच्या आधी हे वळून म्हणाले, "घरच्या पूजेला तोच जुना 'चांदीच्या वाटीत' म्हणालीस. आणि हवालदाराला ताजा उखाणा?"