दाराशी उभी

फोन दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई होत्या. दुकानदाराला त्या स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओ दाखवत होत्या.

"दादा, यातून माझ्या आईचा एक फोटो काढून द्या. गेल्या महिन्यात गेली ती."

"कुठे आहेत त्या यात?"

"ही काय, मागे दाराशी उभी आहे."

"ताई, इथे नुसते चौकोन दिसताहेत. व्हिडिओ लहान केला होतात का?"

"फोनमध्ये जागाच नव्हती हो. दोनदा लहान केला आणि मूळचा पुसून टाकला."

"मग अवघड आहे. लहान करताना डोळ्यांना जे फारसं जाणवत नाही, ते आधी टाकलं जातं."

"माझ्या कानातलं तर लख्ख दिसतंय!"

"तुम्ही अगदी पुढे होतात ना. दुसरा फोटो नाही का त्यांचा?"

"कॅमेरा दिसला की लांब पळायची. सापडली ती एवढीच. पुढे ये म्हटलं की म्हणायची, मी आहे की मागे, तू बघ तुझं."

"हाताला धरून आणायचं होतंत."

"त्या दिवशी तर मी 'पुढे ये'सुद्धा म्हटलं नाही हो."