इलारियोची कॅप्सूल आणि काळी कुई

मला एक सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर? सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरवर, की अंगावरनं कुई फिरवून आतलं दुखणं सांगणाऱ्या एउफेमिया मावशीवर, की जनावरांच्या डॉक्टरीणबाईवर… का हे सगळे सोडून त्या काळीवर, जी चुलीमागनं कुणाला काही न बोलता नुसती बघत होती? मी आपला दुकानदार माणूस. लसूणघास, दोरखंड, सूत, मीठ, जनावरांची औषधं विकतो, शाळा लहानपणीच सुटली, पुढचं सगळं बाटल्यांवरची अक्षरं लावत शिकलो. पण ह्या प्रकरणात माझीही मती गुंग झाली, तुम्हाला सांगतो.

त्याचं असं झालं, आमच्या वरच्या आळीतला इलारियो विणकर, दारातनं आडवा होऊन आत यावं लागेल असा गडी, बटाटे काढताना गारठला आणि अंथरुणाला खिळला. छातीत घरघर, अंगात ताप. कुस्को शहराहून आलेल्या सरकारी डॉक्टरनं अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल दिल्या, म्हणाला, मधे सोडायच्या नाहीत. घरी येतो तर बायकोनं, फोर्तुनातानं, मावशीला बोलावून ठेवलेलं. आमच्याकडे दोन्ही करतात हो, एक बैल बसला तर दुसरा असावा. मावशीनं चुलीपाशी फिरणाऱ्या कुईंमधली काळी उचलली. कुई म्हणजे तुमचं ते गिनीपिग. आमच्या घरोघरी पायात घोटाळत शिट्ट्या मारत असतात. तर ती काळी तिनं इलारियोच्या डोक्यापासनं पायापर्यंत चोळली. आता रीत अशी, की मग कुईला चिरायचं आणि तिच्या आत बघायचं, माणसाचं कुठं बिघडलंय ते. मावशीनं सुरी घेतली आणि हा एवढा धिप्पाड माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. म्हणे, "मावशी, नको. हिची आय मेली तेव्हा टोपीत ठेवून वाढवलीय मी हिला."

मावशीनं सुरी पुसली, ठेवून दिली. "बरं. दुखणं अर्धं हिच्यात गेलंय, अर्धं तुझ्यात राहिलंय. हिच्या आतलं न वाचताच हिला सोडलंस. आता तुम्ही दोघं एक. ही जगली तर तू जगशील."

झालं! त्या दिवसापासनं हा खाटेवर खोकला, की चुलीमागनं बारीक खिक… हा कण्हला, की तिकडे पातळ शिट्टी. मी स्वतः ऐकलंय, आणि मी काही भोळा नाही. फोर्तुनाता मला म्हणाली, "भाऊ, लग्न माझ्याशी लावलं आणि जीव हिच्यात ठेवला. उद्या मी मेले तर हा आधी हिला चारा घालील." मला हसू फुटलं, पण अर्ध्यावरच राहिलं, कारण वळून बघतो तर काळी आपली बघतेय.

आता इलारियोनं काय करावं? दुखणं एक, तर औषध दोन कशाला? स्वतःची कॅप्सूल गिळली की दुसरी उघडायची, चिमूटभर भुकटी पाण्यात कालवायची, काळीच्या तोंडात सोडायची. "एक घास माझा, एक तिचा." हा लागला सुधारायला. आणि ती? आधी खोकला कमी झाला, मग खाणंच सुटलं. केस पिंजारलेले, कान गार, खाली सगळं पातळ. मी बघायला गेलो, बाहेर लख्ख ऊन, आणि आत… एरवी चाऱ्याची पेंढी सुटली की शिट्ट्यांनी कान किटतात, तिथं चिटपाखरू बोलेना. बाकीच्या सगळ्या कुई भिंतीला पाठ लावून बसलेल्या, तोंडं काळीकडं. आणि काळी आपली बघतेय. माझ्याकडं.

मी तडक दुकानात आलो. तिथं जनावरांच्या डॉक्टरीणबाई, युदितबाई, मेंढ्यांची लस न्यायला आलेल्या. त्यांना ओढतच नेलं. त्या म्हणाल्या, "अमॉक्सिसिलिन? कुईला? अहो, पेनिसिलिनच्या जातीचं औषध हिला पोटातनं द्यायचंच नसतं. माणसाला चालतं. हिच्या पोटात चारा पचवणारे चांगले जंतू असतात, ते आधी मरतात, मग वाईट माजतात, विष सोडतात. हिला आजारानं नाही, तुमच्या मायेनं मारताय."

मग मी माझा तराजू नेला, काळीला पारड्यात बसवलं, वजनावरनं कुईला चालणाऱ्या दुसऱ्या औषधाचे थेंब ठरले, चारा वाटून भरवायचा ठरला. शिवाय म्हणे, धडधाकट कुईच्या लेंड्या पाण्यात कालवून पाजा, त्यातनं चांगले जंतू परत जातात. तेवढ्यात खाटेवरनं क्षीण आवाज आला, "ते पाणी… मलापण प्यायचंय का?"

हसताय? मीही हसलो. पण लगेच ह्यानं कॅप्सूलची पुडी बायकोच्या हातात दिली. "तिला जे विष, ते मलाही विष. आजपासनं बंद."

युदितबाई म्हणाल्या, "तुम्ही माणूस आहात हो."

"ते मावशीला विचारा."

दुसऱ्या दिवशी ताप परत चढला. ओठ निळे. आणि दोघांचा श्वास… छाती वर, छाती खाली, एका लयीत, खाटेवर आणि टोपलीत. आता मला सांगा, इथं कोण काय बोलणार? मी धावलो मावशीकडं. ती दारात बसून उकडलेले बटाटे सोलत होती. म्हटलं, "मावशी, तुझ्या शब्दापायी माणूस चाललाय. बांधलंस तसं सोडव." ती म्हणाली, "सोडवलं तर एक जाईल." म्हटलं, "कोण?" तिनं बटाट्याला मीठ लावलं, तो खाल्ला, मग उठली.

डाव्या हातानं उलटा पिळलेला दोरा आणला, काळापांढरा. एक टोक इलारियोच्या मनगटाला, एक काळीच्या पायाला. पुटपुटली काहीतरी, आणि हिसडा मारून तोडला. "आता तू तू, ती ती. तुझं तू गीळ." फोर्तुनातानं कॅप्सूल तोंडात कोंबली. हा ती गिळेपर्यंत काळी आपली बघत होती. गिळली, आणि मग मी तिला पहिल्यांदाच डोळे मिटताना पाहिलं. पुन्हा उघडले नाहीत.

इलारियो जगला. डॉक्टर म्हणतो माझ्यामुळं, मावशी म्हणते माझ्यामुळं. युदितबाई म्हणतात, थेंबांना उशीर झाला, त्या भुकटीनं आतडं आधीच जाळलं होतं. आणि गाव काय म्हणतं? परवा एक बाई शालीत काळी कुई गुंडाळून दुकानात आली. "भाऊ, ते अमॉक्सिसिलिन द्या. सासऱ्यांना खोकला आहे."

"मग सासऱ्यांना दवाखान्यात न्या."

"त्यांना नको. हिला पाहिजे."

मी सगळं सांगितलं, जंतू, विष, आतडं, घसा कोरडा पडेपर्यंत. तिनं मान डोलावली. "खरंय भाऊ. काळी औषधानंच मेली, आणि इलारियो जगला. म्हणून तर तेच द्या."

नाही दिलं मी. ती गेली खालच्या बाजारात, तिथं कोण नाही म्हणणार? इलारियो अजून येतो माझ्याकडं, सूत न्यायला. पायऱ्या चढला की त्याच्या छातीत बारीक शिट्टी वाजते आणि मी विकायला ठेवलेल्या पिंजऱ्यातल्या सगळ्या कुई एकदम गप्प होतात.

तर तुम्ही तरी हिशोब खरा ठेवा बरं का… काळीचं मरण कॅप्सूलच्या खात्यावर मांडा, आणि इलारियोचं जगणंही कॅप्सूलच्याच खात्यावर. मधला तो दोरा कुठं मांडायचा, ते मात्र मला विचारू नका. पिंजऱ्यात नवी एक काळी आलीय, आणि ती आपली बघतेय.