अठ्ठ्याहत्तरच्या खाली

केवळाबाई : डावा पाय म्हणायली ती मोबाईलमधली. तुम्ही उजवा टाकलाव.

किशनराव : तिचा डावा तो माझा उजवाच की. समोरासमोर उभे हाओत आम्ही.

केवळाबाई : मग सकाळच्याला डावा कसा टाकला व्हता?

किशनराव : सकाळी चुकला आसंल. बोलू नको गं, दम मोडायला.

केवळाबाई : मोबाईलमधली ती हासत हासत बोलायली, अन् तुम्हाला दोन शब्द जड व्हायलेत.

किशनराव : ती बावीस वर्साची पोरगी हाय. तिला मागं बारा एकर सोयाबीन न्हाई, बायको डायलिसिसच्या मशीनवर न्हाई. हासंल न्हाई तर काय करंल.

केवळाबाई : वाका. खाली वाका म्हणायली.

किशनराव : वाकलो की.

केवळाबाई : ह्ये वाकणं न्हाई. ह्ये खाटंखालची चप्पल हुडकणं हाय.

किशनराव : शाळेत गुरुजी सूर्यनमस्कार घालून घ्यायचे आमच्याकडनं. एक घातला की उभं ऱ्हायचं, श्वास घ्यायचा, मग दुसरा. ह्ये म्हंजे कुत्रं मागं लागल्यावानी. एक संपला न्हाई की दुसरा, दुसरा संपला न्हाई की उडी. योग म्हणावं का याला?

केवळाबाई : पॉवर योगा हाय त्यो. आपल्या वर्षानं सांगितलंय, सावकाश केल्यानं चरबी झडत न्हाई.

किशनराव : उडी मारून तरी कुठं झडली? तीन महिने झाले. शहाऐंशीवर काटा व्हता, आज सकाळी पंच्याऐंशी. एक किलो. एवढं तर माणूस दाढी-कटिंग करून आल्यावर बी उतरतंय.

केवळाबाई : घटकाभर बसा. गुडघा सुजलाय तुमचा.

किशनराव : बसून कसं जमंल? आज आयतवार. गुरुवारी लातूरला मोठे डॉक्टर बघणार हायत. अठ्ठ्याहत्तरच्या खाली आलं तर माझी किडनी तुला लावता येती म्हणले, न्हाई तर न्हाई. रक्त जुळलं, सगळ्या तपासण्या झाल्या, अन् घोडं अडलं कुठं तर माझ्या पोटापाशी.

केवळाबाई : अडलं तर अडलं. मशीन हाय की. हप्त्यातनं दोनदा जाऊन येते.

किशनराव : जाऊन येते म्हणं. काल चाकूरच्या स्टँडवर उतरताना कंडक्टरनं धरलं तुला. मी पिशवी घेऊन मागनं येईपत्तर तू पायरीवरच बसली व्हतीस.

केवळाबाई : आता मागं उडी म्हणायली.

किशनराव : बघितलं. काल शेजारचा अमृतराव इचारायला, किशनराव, सांजच्याला दार लावून गाणं कसलं वाजवताव?

केवळाबाई : मग?

किशनराव : रेडिओ म्हणलो.

केवळाबाई : खरं सांगायचं की.

किशनराव : किडनीचं सांगितलं की समदं गाव येऊन बसंल. ज्येचा त्येचा सल्ला. अन् या वयात दार लावून उड्या मारतो म्हणलं तर ते त्याहून वाईट.

वर्षाराणी : आई, परातीतलं पीठ कुणी मळलं?

केवळाबाई : मीच मळलं. कशाला हात लावलास? उठून येते म्हणले व्हते की.

वर्षाराणी : तुला चक्कर आली म्हणून तू इथं बाजेवर येऊन पडलीस. मी म्हटलं, नांदेडहून दोन दिवसांसाठी आलेय तर चार भाकरी तरी थापाव्यात. नाना, तो व्हिडिओ बंद करा जरा.

किशनराव : चार मिनिटं राह्यलीत. मधीच सोडलं की पुन्हा पहिल्यापासून करावं लागतंय.

वर्षाराणी : कुणी सांगितलं असं?

किशनराव : कुणी न्हाई. माझा मी नेम केलाय.

वर्षाराणी : नाना, थांबा ना.

केवळाबाई : वर्षे, आत जा. दूध उतू जाईल.

वर्षाराणी : दूध गॅसवर नाहीच. आई, हे माझे हात बघ. साबणानं दोनदा धुतले तरी तुपकट. भाकरी थापली तर परातीतच तुकडे पडले. ज्वारीच्या पिठात एवढं तूप घालतात का कुणी?

केवळाबाई : जरा मोहन घातलं. ह्येंला खुसखुशीत आवडती.

वर्षाराणी : जरा? आणि तुझं पीठ वेगळ्या ताटात, कोरडं. हे फक्त नानांचं.

किशनराव : तिला पथ्य हाय, मीठ चालत न्हाई. दोघांचं येगळंच शिजतंय. वर्ष झालं त्याला. तुला माहीत हाय की.

वर्षाराणी : म्हणूनच कुणाला कळलं नाही. नाना, झाकून ठेवलेलं तुमचं ताक मी आत्ता पिऊन बघितलं. ते ताक नाही. सायीचं दही आहे, नुसतं हलवलेलं. वरणाच्या तळाशी पळी घातली तर शेंगदाण्याचा कूट वर आला, बोटभर जाड. मी तुम्हाला काय लिहून दिलं होतं?

किशनराव : दोन भाकरी, पालेभाजी, पातळ वरण, ताक.

वर्षाराणी : आणि तुम्ही काय खाताय?

किशनराव : तेच. दोन भाकरी, पालेभाजी, वरण, ताक. तिसरी भाकरी कधी मागितली न्हाई मी.

वर्षाराणी : नसेल मागितली. त्या दोनांत पाचांचं घातलंय हिनं.

(किशनराव भिंतीला टेकून खाली बसतात. मोबाईलमधली मुलगी एकटीच आकडे मोजत राहते.)

किशनराव : बंद कर गं ते. केवळा, खरं का ह्ये?

केवळाबाई : हाव.

किशनराव : कधीपासनं?

केवळाबाई : तुम्ही चालू केलंव त्याच्या दुसऱ्या हप्त्यापासनं. पहिल्या आठ दिवसांत दोन किलो उतरलं व्हतं तुमचं. तुम्ही काट्यावरनं उतरून लेकरावानी हासलाव. मला त्या राती डोळ्याला डोळा लागला न्हाई.

किशनराव : अन् मी येडा. वजन उतरंना म्हणून एकदाचं दोनदा केलं. सकाळी बी, सांजच्याला बी. गुडघ्याला तेल तूच चोळलंस. इथं बाजेवर बसून डावा-उजवा तूच सांगायलीस.

केवळाबाई : बघवत नव्हतं तुमच्याकडं.

वर्षाराणी : बघवत नव्हतं तर आतल्या खोलीत जायचं होतंस.

केवळाबाई : आत गेलं की धापा ऐकू येत्यात. त्यापरीस बघितलेलं बरं.

किशनराव : अगं पण कशाला? तोंडानं नको म्हणायचं व्हतंस.

केवळाबाई : म्हणले की. तीनदा म्हणले. पहिल्यांदा तुम्ही म्हणलाव, गप बस. दुसऱ्यांदा म्हणलाव, डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतंय का. तिसऱ्यांदा चप्पल घालून वावरात निघून गेलाव. माझं ऐकत न्हाईत तुम्ही, काट्याचं ऐकताव. म्हणलं, मग काट्यालाच बोलू द्यावं.

वर्षाराणी : आई, डॉक्टरांनी दोन वेळा समजावलं तुला. एका किडनीवर माणूस नीट जगतो. शेतीसुद्धा करतो.

केवळाबाई : समजावलं. मला समजलं बी. पण भ्या वाटतं त्याला काय करू? त्या मशीनच्या खोलीत बारा खाटा हायत. कुणाच्या हाताला नळी, कुणाच्या मानेला. माझ्या शेजारच्या खाटेवरचा मल्लेश मागच्या महिन्यात गेला. तीन लेकरांचा बाप. आदल्या खेपेला मला म्हणला, काकू, पुढच्या खेपेला उदगीरची पपई आणतो, तुम्हाला चालत न्हाई, घरी न्या. तिथनं मी बाहेर येते तवा ह्ये बाकड्यावर बसलेले असत्यात, पिशवी मांडीवर घेऊन. धडधाकट. तपासणीचं रक्त सोडलं तर ह्येंच्या अंगाला आजवर सुई टोचली न्हाई कुणी. ह्येंच्याकडं बघितलं की मला जरा बरं वाटतंय. घरात एक तरी माणूस अखंड ऱ्हाऊ द्या म्हणलं, एवढंच.

किशनराव : त्या बाकड्यावर चार घंटे बसून मी काय करतो माहीत हाय तुला?

केवळाबाई : पेपर वाचताव.

किशनराव : पेपर समोर धरतो. दाराकडं बघत बसतो. सिस्टर बाहेर आली की वाटतंय, आता माझं नाव घेती का काय. मल्लेशच्या बायकोला माझ्याच शेजारनं उठवून नेलं व्हतं. ती चहा पिऊ लागली व्हती. धडधाकट म्हणं.

केवळाबाई : कधी बोलला न्हाईत.

किशनराव : तू तरी कुठं बोललीस?

वर्षाराणी : मी माझी देते म्हटलं, तर तेव्हाही दोघांनी मला उडवून लावलंत.

किशनराव : तुझं नाव काढायचं न्हाई. आमचं दोघांचं तेवढ्या एकाच गोष्टीत जमलंय.

वर्षाराणी : बरं. मग गुरुवारी काय सांगायचं डॉक्टरांना?

किशनराव : मी दमलोय वर्षे. खरं सांगतो, लई दमलोय. ते उड्यानं न्हाई. रोज सकाळी काट्यावर चढायचं, आकडा बघायचा अन् खाली उतरून हिच्या तोंडाकडं बघायचं. मला वाटायचं, माझंच अंग बेइमान निघालं. नांगर धरला, विहीर खांदली या अंगानं, अन् बायकोसाठी सात किलो टाकता येईना त्याला. परवा बांधावर बसून रडलो मी. सालगडी बघंल म्हणून तोंड धुतलं पाटाच्या पाण्यात.

केवळाबाई : असं नका बोलू.

किशनराव : बोलू दे. गुरुवारी तुला येगळं बसवतेल, मला बाहेर घालवून. तुमची मर्जी हाय का म्हणून इचारतेल. तिथं नको म्हणायचं तर खुशाल म्हण. मी अवाक्षर काढणार न्हाई. मशीनवर न्यायचं तर नेत राहीन, जवर तू हाइस तवर. पण माझ्या ताटातनं नको म्हणू नको.

वर्षाराणी : आई, तू एवढंच सांग. तुला जगायचंय की नाही?

केवळाबाई : काय इचारतीस गं. जगायचं न्हाई असं कुणी म्हणलं? लई जगायचंय. तुझं लगीन बघायचंय, पुढची रास बघायचीय. ह्येंच्यासंगं बघायचीय. म्हणून तर भ्या वाटायलंय.

किशनराव : मी कुठं चाललो?

केवळाबाई : टेबलावर झोपवणारच की तुम्हाला.

किशनराव : दोघांना झोपवत्यात. शेजारी शेजारी.

केवळाबाई : शेजारी कुठं. मधी भिंत असती म्हणं.

किशनराव : भिंत तर भिंत. ही वर्षी सात वर्साची होईपत्तर मधीच झोपायची, लाथा मारायची. तवा काय तू लांब व्हतीस का?

वर्षाराणी : माझ्या लाथा मध्येच कुठून आल्या?

किशनराव : आल्या आपल्या. जा, भूक लागलीय.

वर्षाराणी : ते पीठ मी गाईला घालते. कोरडं पीठ काढून दोन भाकरी टाकते तुम्हाला. आणि आजचा दिवस उड्या पुरे. गुडघ्यावर ओलं फडकं ठेवा.

केवळाबाई : अवो.

किशनराव : काय?

केवळाबाई : गुरुवारी त्या डॉक्टरला दोन महिने मागून घ्या.

किशनराव : कशाला?

केवळाबाई : सात किलो हाय. चार दिवसांत कसं व्हायचं?