अलेगोकरणीचे डोहाळे

बोंडो गावच्या दवाखान्यात अपोंडीने शाळेचं पुस्तक उघडलं खरं, पण कान सगळे शेजारच्या सासू-सुनेकडे. अलेगो भागातून लग्न होऊन आलेली पोटुशी सून ओडोवा नावाचा पांढरा मऊ दगड कुडुम कुडुम चावत होती.

"अलेगोकरणी, पुरे आता. उद्या माझ्या भिंती खाशील."

"बाजारातून तुम्हीच आणता ना, आई?"

"डोहाळे कसे मोडू?"

"रक्त तपासायला नको वाटतं. आधीच चक्कर येते, त्यात आहे तेही काढून घेतील."

"थेंबभर घेतात गं. डास जास्त पितो."

"तुम्ही दिलं होतंत?"

"आमचं कुणी तपासलंच नाही. तुझ्या नवऱ्याच्या वेळी मरता मरता वाचले मी."

सून आत गेली आणि बोटाला कापूस धरून बाहेर आली.

"काय म्हणाली नर्स?"

"रक्त कमी आहे, पण वेळेवर कळलं म्हणाली. रोज लोहाची गोळी घ्यायची. रक्त कमी झालं की असा दगड खावासा वाटतो म्हणे."

"म्हणजे तुला हवं होतं लोखंड, आणि मी दगड भरवत बसले?"

"प्रेमाने भरवलात, आई."

"ऊठ, मासे घेऊन जाऊ. आज मक्याच्या पिठाची उगाली मी ढवळते, तू पडून राहा."

"तुम्ही ढवळणार? एवढे लाड होणार असतील, तर उद्या परत येऊ या का तपासायला?"