राहू दे आजचं इंजेक्शन

नाही हो काकू, लॅबचं मशीन नाही बिघडलेलं — सकाळपासून तुम्ही तिसऱ्या, पोटात अन्नाचा कण नाही तर साखर आली कुठून म्हणून विचारणाऱ्या. कुठून म्हणजे? तुमच्याच लिव्हरमधून! जेवलं की इन्सुलिन साखर आत भरून ठेवतं. पोट रिकामं झालं की ते मागे सरतं आणि ग्लुकॅगॉन नावाचं दुसरं हार्मोन लिव्हरच्या मागे लागतं — काढ साठवलेलं, वाट सगळ्यांना. तेही सरत आलं की चरबी वितळायला लागते. उपाशी तुम्ही असता, शरीर नसतं — रोज दहादा सांगतो मी हे, पाठ झालंय.

काय म्हणालात? पुढच्या वेळी टेस्टच्या आधीचं इन्सुलिनचं इंजेक्शनच गाळते? खायचं नाही तर टोचायचं कशाला — हे कोणी सांगितलं तुम्हाला? बसा. बसा जरा. किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा, आत्ता फोन करून विचारा, पण आपल्या मनाने बंद नाही करायचं. अहो, लगाम आहे तो. उपाशी माणसालाही थोडं इन्सुलिन लागतंच, नाहीतर चरबी बेफाम वितळत सुटते, रक्त आंबट होतं, आणि मग — एक पेशंट होती आमची, बावीस वर्षांची.

पेशंट कसली, बहीण माझी. धाकटी. आठव्या वर्षापासून स्वतःची स्वतः टोचून घ्यायची — मला म्हणायची, दादा, तुझा हात जड आहे, तू आपला लोकांनाच टोच. ताप आला होता, उलट्या, घोटभर पाणी टिकेना. मी कामावर निघालेलो, चपला घालत होतो. तिने विचारलं, "दादा, इंजेक्शन घेऊ ना?" आणि मी — हे सगळं पाठ असलेला मी — म्हटलं, "पोटात काही नाही, साखर उतरेल. राहू दे आज." एकदा साखर उतरून जिन्यात कोसळली होती हो ती, तेच डोक्यात बसलेलं माझ्या. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. तिने ऐकलं. लॅबमधला भाऊ, त्याला जास्त कळणार ना!

त्या संध्याकाळी घरी आलो तर खोलीत नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास. मी चिडवलं तिला, आजारपणातही नटायचं सुचतंय म्हणून. तिच्या श्वासाचा वास होता तो, काकू. जिने चढून आल्यासारखी धापा टाकत होती आणि मी चेष्टा करत उभा. हॉस्पिटलने रक्त तपासायला आमच्याकडेच पाठवलं — मीच लावलं मशीनवर. आकडा पटेना म्हणून पुन्हा लावलं, पुन्हा तोच. दोन दिवसांनी गेली.

डॉक्टरांनी आईसमोरच विचारलं, इन्सुलिन बंद का केलं होतं? आणि मी म्हटलं — कसं निघालं तोंडातून कोण जाणे — म्हटलं, "विसरली असेल."

सात वर्षं झाली. आई अजून वाढता वाढता थांबते आणि म्हणते, एवढी एक गोष्ट लक्षात राहू नये पोरीच्या? वेंधळी ती वेंधळीच. आणि मी खाली मान घालून जेवतो. चौदा वर्षांत एक इंजेक्शन विसरली नव्हती हो ती. एकही नाही.

तुम्ही — हे कुठे बोलू नका. कशाला सांगत बसलो मी तुम्हाला? जा आता, या. बाहेर लोक थांबलेत.