आरपार जाणाऱ्या गोळीबाबत

नाव अनिका टेर्वो, वय वीस, काम बेकरीत, शिक्षण बारावीपर्यंत घरीच, आईवडिलांकडे. राहणार टॅमरॅक रोड, साल्मेला गाव, उत्तर मिशिगन. दिनांक १५ नोव्हेंबर, दुपारी ३.२०.

मला कोणी बोलावले नव्हते. शेरीफच्या कार्यालयात मी स्वतःहून आले आहे आणि समक्ष सांगते की,

माझे वडील डेल टेर्वो यांचा खांदा दुखावल्यापासून ते हरणासाठीही .२२३ ची बारीक नळीची रायफलच वापरतात. काडतुसे आम्ही घरी भरतो. दहाव्या वर्षापासून ते काम माझ्याकडे आहे. प्रत्येक डब्याची नोंद मी वहीत करते.

इतकी वर्षे आम्ही पंचावन्न ग्रेन वजनाची, पातळ कवचाची गोळी भरत होतो. ती मुळात कोल्ह्यांसाठीची. हरणात शिरली की फुटते, पलीकडे निघत नाही. त्यामुळे हरणाच्या मागे काय आहे हे आमच्या घरात फारसे कोणी बघत नाही. वडील म्हणतात, "आपली गोळी हरणातच मुक्कामाला राहते."

मागच्या वर्षी मी झाडलेली गोळी एका मादीच्या खांद्यावरच फुटली. ती पडली नाही. मी तिच्या मागावर साडेतीन तास चालले. त्याबद्दल आणखी काही सांगायचे नाही.

ऑगस्टमध्ये मी भिजवलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर दोन गोळ्या झाडून पाहिल्या. जुनी चार इंचांत फुटली. साठ ग्रेनची, मधे तांब्याची आडभिंत असलेली, चौदा इंच गेली. याहून जड गोळी आमच्या नळीच्या आतल्या पिळाला झेपत नाही, ती सरळ जात नाही. मी साठची निवडली. १४ ऑक्टोबरला वहीत तशी नोंद आहे. वही सोबत आणली आहे. डबा मात्र जुन्या गोळ्यांचाच वापरला.

आज सकाळी ८.१० वाजता आम्ही दोघे आमच्या मचाणावर होतो. साठ पावलांवर नर आडवा उभा राहिला. वडिलांनी एक गोळी झाडली. नर जागीच पडला. मागच्या हेमलॉकच्या झाडीतून शेजारी व्हर्नर सारी यांचा आवाज आला, "डेल! अरे, तुझं हरीण मला चावलं!"

ते चेष्टेखोर आहेत. आम्ही हसलो. ते पुन्हा ओरडले तेव्हा पळालो.

शिकारीत दुरून दिसावा म्हणून घालतात तो भगवा कोट त्यांनी घातला होता, पण झाडीमुळे तो मचाणावरून दिसला नव्हता. हरणातून निघालेली गोळी त्यांच्या डाव्या गुडघ्यात होती. वडिलांनी कमरेचा पट्टा काढून त्यांची मांडी आवळली. व्हर्नरकाका म्हणाले, "हळू रे गाढवा, हा पाय मला अजून लागणार आहे."

रुग्णवाहिका गेल्यावर वडील मला म्हणाले, "काडतुसं मी भरली. आरपार जातात हे मला माहीत होतं. तू घरी जा, आईला कॉफी करून दे. समजलं ना?" त्यांनी आपल्या जबाबातही तसेच सांगितल्याचे मला कळले. माहीत असून मागे न बघता झाडली, असे ठरले तर ते तुरुंगात जातील. ते खरे नाही. त्यांना माहीत नव्हते.

जबाब लिहून घेणाऱ्या डेप्युटी हिल यांनी विचारले, "तू त्यांना सांगितलं नव्हतंस? की विसरलीस?"

विसरले नव्हते. आज पहाटे पावणेसहाला स्वयंपाकघरात काडतुसे खिशात टाकताना वडिलांनी विचारले, "नेहमीचीच ना गं?" मी हो म्हणाले. खरे सांगितले असते तर त्यांनी ती ठेवून जुनी घेतली असती, असे मला वाटले. खोटे बोलण्याचे दुसरे कारण नाही.

जबाब मला सावकाश वाचून दाखवला. "मी हो म्हणाले" याच्या आधी डेप्युटींनी "बहुधा" असे लिहिले होते. तो शब्द मी काढायला लावला. आता सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सही: अनिका टेर्वो